बेचा पाढा आणि बेंडकुळी

मित्रांनो, खरं सांगायचं हं! घरात कुणी नाही असं पाहून आरशासमोर उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि दंडावरची बेंडकुळी फुगवून पाहायची, हा उद्योग तुमच्यापैकी कुणी कुणी केलाय? हात वर करा पाहू! मुलींनीही करा, लाजायचं काही कारण नाही. माझ्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला तेव्हा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे हात वर झाले होते. माझासुद्धा!

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शिक्षक आहे. शाळेच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला मामा तलाव आणि त्याच्या पलीकडे जंगल. (तलावाला 'मामा' काय म्हणता, असं विचाराल. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेतली की 'मामा' होतं, बरं का!) शाळेत मी पाढे, कविता, परिसर अभ्यास असं सगळंच शिकवतो. पण पहाटे उठून जोर-बैठका काढायची आणि थोडी वजनं उचलायची सवय मला डी.एड.च्या दिवसांत लागली, ती आजपर्यंत सुटलेली नाही. त्यामुळे आमच्या शाळेतून पुढे गेलेली पोरं सुट्टीत गावी आली की व्यायामाचे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यातला हमखास प्रश्न असा : "सर, वजन भराभर मारायचं का हळूहळू? कशानं डोले लवकर येते जी?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरात शरीरशास्त्र आहे, थोडं भौतिकशास्त्र आहे आणि आपल्या धीराची परीक्षाही आहे.

सुरुवात एका सुतळीपासून करू. सातवीच्या वर्गात मी एकदा दंडाभोवती सुतळी गुंडाळली आणि जिथे दोन टोकं भेटली तिथे पेनानं खूण केली. मग पाण्यानं भरलेला पाच लिटरचा कॅन हातात घेतला आणि कोपर दुमडत तो वर-खाली करू लागलो. वीस वेळा. थोडं थांबून पुन्हा वीस वेळा. असे चार सेट झाल्यावर पुन्हा सुतळी गुंडाळली. काय आश्चर्य! खुणा भेटेचनात. मध्ये करंगळीच्या नखाएवढी फट!

वर्गात एकच गलका झाला. "सरचा हात वाढला!" एकानं तर लगेच गणित मांडलं, "रोज एवढा वाढला तर उन्हाळ्यापर्यंत भोपळ्याएवढा होईल जी!" मी म्हटलं, थांबा. मधली सुट्टी झाली, खिचडी खाऊन झाली, नंतरचा एक तासही झाला आणि आम्ही पुन्हा मोजलं. दोन्ही खुणा पूर्वीसारख्याच एकमेकींना चिकटल्या होत्या.

"मंग उतरला काऊन?" भोपळेवाल्याचा चेहरा पडला होता.

हात फुगला कसा आणि उतरला कसा, ते आमच्या पोरांना चटकन कळलं, कारण ती धानाच्या गावची आहेत. बांधीत एका बाजूनं पाणी येत असतं आणि दुसऱ्या बाजूच्या तोंडातून बाहेर जात असतं. ते बाहेर जायचं तोंड कुणी माती टाकून बुजवलं तर? पाणी येतच राहतं आणि बांधी तुडुंब भरते. दंडातही तेच होतं. स्नायू पुन्हा पुन्हा आवळला की रक्त परत नेणाऱ्या नीला दाबल्या जातात. रोहिण्यांतून मात्र हृदयाच्या जोरावर रक्त आत येत राहतं. त्या रक्तातला पाण्याचा अंश केशवाहिन्यांतून स्नायूत झिरपतो. स्नायू टरटरून फुगतो, कातडी ताणते, शिरा वर दिसू लागतात. जिममध्ये जाणारी मुलं यालाच 'पंप' म्हणतात. काम थांबलं की तोंड मोकळं होतं, हळूहळू निचरा होतो आणि दंड होता तसा होतो.

म्हणजे पंप हा पाहुणा. येतो, चहा पितो, जातो. तो आला याचा अर्थ स्नायूनं काम केलं, एवढाच. स्नायू वाढला, असा नाही.

मग खरी वाढ कशी होते? आपली सुतळी उलगडून पाहा. तिच्यात अनेक बारीक धागे असतात. स्नायूतही असेच हजारो तंतू असतात. त्यांच्यावर पुरेसा ताण पडला की शरीराला निरोप जातो, 'इथे मजबुती हवी.' मग आपण जेवतो, झोपतो, आराम करतो, तेव्हा शरीर अन्नातली प्रथिनं वापरून त्या तंतूंची जाडी वाढवतं. हे काम एका तासात होत नाही, एका आठवड्यातही दिसत नाही. त्याला महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवते, पण तेव्हा दंड फारसा जाड झालेला नसतो. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूकडून जास्त चांगलं काम करून घ्यायला शिकलेले असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये तर ताकद मुख्यतः अशीच वाढते. म्हणून तुमच्यापैकी लहान दोस्तांनो, बेंडकुळी दिसत नाही म्हणून हिरमुसू नका. आत काम चालू असतं!

आता येऊ मूळ प्रश्नावर. भराभर की हळू?

कोणतंही वजन उचलण्यात दोन भाग असतात. एक चढण, दुसरी उतरण. वजन वर नेताना आपण जीव तोडून जोर लावतो. आणि वर पोचलं की? धाडकन सोडून देतो! आपल्याला वाटतं, खाली तर ते आपोआपच येतं, त्यात आपण काय करायचं? विहिरीवर पाणी भरणाऱ्या आयाबायांना विचारा. रिकामी बादली खाली सोडतानासुद्धा दोर हातातून सरकन सुटला तर तळहात सोलून निघतात. दोर धरून, रोखत रोखत सोडावा लागतो. हे रोखून धरणं म्हणजेसुद्धा स्नायूचं कामच.

उलट, या कामात स्नायू जास्त बलवान असतो. रस्सीखेच आठवा. समोरचा संघ दांडगा असला तर आपल्याला त्याला ओढून आणता येत नाही. पण टाचा रोवून, इंच इंच मागे सरकत, त्याला बराच वेळ रोखता मात्र येतं. स्नायूचंही तसंच असतं. जे वजन आपल्याला उचलता येत नाही, ते हळूहळू खाली आणणं आपल्याला जमू शकतं.

यावर इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली एक भन्नाट प्रयोग केला. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि साखळीनं एकमेकींना जोडल्या. एका सायकलवरचा माणूस नेहमीसारखे पेडल पुढे मारणार आणि दुसऱ्यानं आपल्या पायांनी ते पेडल रोखायचा प्रयत्न करायचा. दोघांच्या पायांवर जोर सारखा, वेगही सारखा. पण रोखणाऱ्याला प्राणवायू पुष्कळच कमी लागत होता. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे सगळ्यांसमोर करून दाखवलं, तेव्हा पेडल मारणारा पुरुष होता चांगला धट्टाकट्टा आणि रोखणारी होती एक लहानखुरी बाई. बघता बघता बाईनं त्याला घामाघूम केलं! प्रेक्षकांची काय करमणूक झाली असेल, विचार करा.

पण रोखण्याचं काम स्वस्तात होतं म्हणून ते फुकट असतं असं समजू नका. डोंगर चढून गेल्यावर धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू आपल्या शरीराला ब्रेक लावत असतात, ताणले जात असतानाच जोर लावत असतात. आमच्या जिल्ह्याची एक अभिमानाची गोष्ट सांगतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचं शिखर गाठलं. बातम्यांमध्ये फोटो आले ते शिखरावरचे. पण त्या मुलांना तेवढाच डोंगर उतरायचाही होता, आणि तोही थकलेल्या पायांनी!

तर उतरण वाया घालवायची नाही, हे ठरलं. त्यासाठी माझी एक साधी युक्ती आहे. वजन वर नेताना सरळ, झटका न देता न्या आणि श्वास सोडा. खाली आणताना मनात बेचा पाढा म्हणा : बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. घाई न करता म्हटलं तर सुमारे तीन सेकंद होतात. सहा येईपर्यंत वजन खाली पोचता कामा नये! आमच्या शाळेत हे इतकं रुळलंय की पोरं बैठका मारतानाही पाढा म्हणतात. त्यामुळे दुसरीतल्यांचा पाढासुद्धा पक्का झाला, हा वरचा फायदा.

"सर, मंग तीसापर्यंतचा पाढा म्हटला तर आणखी डोले येतील का?" अगदी बरोबर शंका! पण उत्तर आहे, नाही. ब्रॅड शोएनफेल्ड या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली या विषयावरचे आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले. त्यांना आढळलं की दमेपर्यंत व्यायाम केला तर वर-खाली अशा एका फेरीला अर्धा सेकंद लागो की आठ सेकंद, स्नायूंची वाढ जवळपास सारखीच होते. दहा सेकंदांहून जास्त रेंगाळलं तर मात्र ती कमी पडते असं दिसतं. का? फारच हळू जायचं म्हटलं की वजन इतकं हलकं घ्यावं लागतं की स्नायूवर हवा तेवढा ताणच पडत नाही.

म्हणजे बेचा पाढा हा काही जादूचा मंत्र नाही. मग मी त्याचा आग्रह का धरतो? कारण पाढा म्हणताना लबाडी करता येत नाही. भराभर मारणारा कंबरेनं झोका देतो, खांद्यानं हिसका देतो, आणि दंडाचं काम पाठ करते. खाली सोडताना वजन धपकन येतं आणि त्याचा दणका कोपराला, खांद्याला बसतो. आकडा मोठा, काम छोटं! पाढा म्हणणाऱ्याला मात्र आपल्याला किती वजन पेलतं ते खरंखरं कळतं.

हे एका मुलानं मला फार जवळून दाखवलं. तो आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करायला शहरात गेला आणि तिथल्या एका जिममध्ये जाऊ लागला. दिवाळीत गावी आला तेव्हा टी-शर्टच्या बाह्या वर दुमडलेल्या, आणि चालताना हात अंगापासून दूर, जसं काही दोन्ही काखांत टरबूज धरलंय! पण माझ्याकडे आला तो रात्री, एकटाच.

"सर, खांदा दुखते जी. हात वर जात नाही."

मी त्याला विचारत गेलो आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. जिममधल्या मोठ्या पोरांएवढी वजनं उचलायची म्हणून तो हिसके देत होता. रोज आरशात पंप पाहायचा आणि घरी येईपर्यंत तो उतरला की नाराज व्हायचा. कुणीतरी सांगितलं, "डबा घे, मग उतरणार नाही." म्हणून त्यानं प्रोटीनचा महागडा डबा आणला. पैसे कुठले? उन्हाळ्यात त्याच्या आईनं तेंदूपत्ता तोडून साठवलेले. मे महिन्याच्या उन्हात, चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत, वाघाची भीती असलेल्या जंगलात पहाटे जाऊन तोडलेला तेंदूपत्ता.

मी त्याला रागावलो नाही. तो स्वतःवरच इतका रागावलेला होता की माझी गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी काही आठवडे विश्रांती आणि हलके व्यायाम सांगितले. खांदा बरा झाल्यावर मी म्हटलं, "आता वजन निम्मं कर आणि पाढा म्हण." तेव्हा तो जे बोलला ते मला अजून आठवतं. "सर, निम्मं वजन घेतलं तर पोट्टे हसतेत जी."

मित्रांनो, खांद्याच्या दुखण्यापेक्षा हे दुखणं मोठं असतं, नाही का? दुसरे हसतील म्हणून आपण आपल्याला न पेलणारं ओझं उचलतो. मी त्याला म्हटलं, "हसणारे भरतीच्या मैदानावर तुझ्या जागी धावायला येणार आहेत का?" तो काही बोलला नाही. पण पुढे एकदा त्यानं फोनवर सांगितलं की तो निम्म्या वजनावर आलाय, पहिले चार दिवस पोरं हसली आणि पाचव्या दिवशी त्यांतला एक जण विचारायला आला, "तू तोंडातल्या तोंडात काय म्हणतोस बे?" डबा संपल्यावर त्यानं दुसरा आणला नाही. मेसमधली डाळ, उकडलेली अंडी, भिजवलेले चणे यांवर तो आहे. त्याच्या भरतीचा निकाल अजून लागायचाय. खांदा मात्र पूर्ण वर जातो.

उतरणीची करामत पाहायची असेल तर आमच्या सातवीतल्या एका मुलीचं ऐका. मैदानावरच्या आडव्या बारला लटकून हनुवटी वर नेणं तिला एकदाही जमत नव्हतं. मी तिला म्हटलं, चढू नकोस, फक्त उतर. ती दगडावर चढून बारवर हनुवटी ठेवायची, पाय सोडायची आणि पाढा म्हणत खाली यायची. सुरुवातीला 'बे एके' म्हणेपर्यंत खाली! मग 'चार' आलं, 'सहा' आलं. रोज नाही, एक दिवसाआड, चार-पाच वेळाच. पावसाळ्यात सुरू केलं होतं. धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी तिनं दगड पायानं बाजूला सारला, बार धरला आणि स्वतःला वर ओढलं. वर गेल्यावर ती इतकी चकित झाली की उतरायचंच विसरली! खाली सगळी शाळा ओरडत होती, "बे एके बे! बे दुणे चार!"

मग भराभर कधीच करायचं नाही का? तसंही नाही. भरतीतला गोळा हळूहळू फेकला तर तो पायावरच पडेल! गोळाफेक, उडी, कबड्डीतली चढाई यांना चपळाई हवीच. साताऱ्याच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ सालीच हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कुस्तीत डाव पडतो तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण त्या एका क्षणामागे वर्षानुवर्षांचे जोर, बैठका आणि मातीतली मेहनत असते. आधी ताबा, मग वेग, हा क्रम उलटा केला की सांधे तक्रार करतात.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर ना जिम लागते, ना डबा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. बैठका, भिंतीला किंवा बाकाला हात टेकून जोर आणि बारवरून उतरणं, एवढं पुरे. आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटतं तिथे थांबा. अंग आंबलं तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत मोकळं होतं आणि पुढच्या खेपेला कमी आंबतं. पण सांध्यात कळ आली तर लगेच थांबा आणि मोठ्यांना सांगा. वजनं उचलायची असतील तर जाणकार माणूस शेजारी हवाच. जेवणात डाळ, चणे, शेंगदाणे, अंडी, तलावातले मासे, जे घरी मिळेल ते असू द्या. आणि रात्री मोबाइल बाजूला ठेवून झोपा, कारण खरी बेंडकुळी झोपेतच बांधली जाते.

एक सुतळी मात्र जपून ठेवा. आज सकाळी, व्यायामाच्या आधी, दंड मोजून खूण करा आणि ती वहीत चिकटवून टाका. रोज काढून पाहायची नाही हं! तीन महिन्यांनी पाहा, तीही सकाळी आणि व्यायामाच्या आधीच. तोवर पाहुणा कितीदा तरी येऊन गेलेला असेल. त्या दिवशी सुतळी जे दाखवेल ते तुमचं स्वतःचं असेल.